दुसरी आच

नेहमीच्या अंकात या सदराच्या वाट्याला दीड रकाना येतो. दिवाळी अंकात संपादक हात जरा सैल सोडतात, म्हणून यंदा विषयही वजनदार घेतला आहे : पोलाद. मात्र घाबरण्याचे कारण नाही. शिवणाची सुई, स्वयंपाकघरातली विळी, सुपारीचा अडकित्ता आणि डोक्यावरच्या स्लॅबमधली सळई, एवढ्यांचीच ही गोष्ट आहे; आणि त्या चौघांपासून कोणाचेही घर सुटलेले नाही.

आपल्या भाषेत 'पाणी' हा शब्द मोठा मानाचा आहे. मोत्याला पाणी असते, तलवारीला पाणी असते, आणि माणसालाही असते. घोडा पाणीदार असतो, डोळे पाणीदार असतात. एखाद्याची मिजास जिरली की त्याचे पाणी उतरले असे आपण म्हणतो. मोत्याचे पाणी म्हणजे त्याची झळाळी. तलवारीचे पाणी मात्र नुसती झळाळी नव्हे. लालभडक तापलेले पाते लोहार कुंडीतल्या पाण्यात बुडवतो, चर्र असा आवाज होतो, वाफेचा लोट उठतो, आणि घटकेपूर्वी मेणासारखे ठोकून घेणारे ते पाते कानशीलाही दाद देईनासे होते. याला तो 'पाणी देणे' म्हणतो. खेड्यात विळा 'पाजवून' आणतात, त्या शब्दातही तहान भागवल्याचाच भाव आहे.

लोखंडावर पेटणारी चूल

छत्रपती संभाजीनगरच्या गारखेडा भागात आमचे पुंडलिकनगर आहे. एका अंगाला चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत, शहराच्या दुसऱ्या टोकाला वाळूज. वाळूजला १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या पाठोपाठ सुटे भाग बनवणारी लहानमोठी कारखानदारी वाढली. पाळीच्या वेळी कामगारांना नेणाऱ्या बसगाड्या आमच्या कोपऱ्यावर थांबतात, तेव्हा कळते की इथल्या किती घरांची चूल लोखंडावर पेटते.

आमच्या गल्लीत टूलरूममधून निवृत्त झालेले एक काका आहेत. पोलादाविषयी काही विचारले की त्यांची कळी खुलते.

"काका, पोलाद कडक करतात म्हणजे नेमके काय करतात?"

"त्यात काय आहे! तापवायचं आणि बुडवायचं. शिकाऊ पोरगंसुद्धा करील."

"मग एवढी वर्षे तुम्ही काय केलेत?"

"हे बघा, बुडवून काढलेला जॉब तसाच ठेवला आणि हातातून फरशीवर सुटला, तर काचेसारखा तडकतो. कडक करणं सोपं. तो कडकपणा किती उतरवायचा, कुठं थांबायचं, त्यात आमची नोकरी गेली."

काकांचे हे शेवटचे वाक्य म्हणजेच आजच्या लेखाचे सार. सर्वांत कडक पोलाद हे सर्वांत चांगले पोलाद नव्हे. पाणी दिल्यावर त्याला पुन्हा एक मंद आच द्यावी लागते. ही दुसरी आच ज्याला साधली, तो कारागीर.

घोडीचे दूध आणि केळीचा खार

पाणी देण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत तलवारीच्या लक्षणांवर एक अध्याय लिहिला आहे, त्यात शस्त्राला काय 'पाजावे' याच्या कृती दिल्या आहेत. कोणी रक्त पाजावे, कोणी तूप, कोणी साधे पाणी. कोणासाठी घोडीचे, उंटिणीचे आणि हत्तिणीचे दूध. एका कृतीत केळीचा खार ताकात कालवून रात्रभर ठेवायला सांगितले आहे. आजच्या वाचकाला हसू येईल. पण या कृतींमागे एक शहाणपण दडले आहे.

तापलेले लोखंड साध्या पाण्यात गेले की त्याच्याभोवती क्षणभर वाफेचे कवच तयार होते आणि पाण्याचा गारवा आतपर्यंत पोचत नाही. पाण्यात मीठ किंवा खार असेल तर हे कवच लवकर फुटते आणि लोखंड झपाट्याने निवते. रक्त काय किंवा केळीचा खार काय, दोन्ही खारटच. उलट तूप किंवा तेल हळूहळू निववते. कडकपणा थोडा कमी येतो, पण पात्याला तडा जाण्याची भीतीही कमी होते. म्हणजे निवण्याचा वेग बदलला की पोलादाचा स्वभाव बदलतो. आजचा कारखानदार हत्तिणीचे दूध आणवत नाही. मिठाचे पाणी, साधे पाणी, तेल आणि वारा या चार पायऱ्या तो वापरतो, आणि जॉबची जाडी व पोलादाची जात पाहून त्यांतली एक निवडतो.

चिरोट्याचे पापुद्रे

आत घडते तरी काय? लोखंड आणि पोलाद यांतला फरक कार्बनचा, म्हणजे आपल्या कोळशातल्याच मूलद्रव्याचा. स्लॅबच्या सळईत किलोमागे साधारण दोन ग्रॅम कार्बन असतो. मोटारीच्या कमानपाट्यात पाच-सहा ग्रॅम, सुईत आठ ग्रॅमच्या आसपास. वीस ग्रॅमच्या पुढे गेले की ते पोलाद राहत नाही, बीड होते. आपल्या बिडाच्या तव्यात किलोमागे तीस ग्रॅमहून अधिक कार्बन सापडेल, आणि म्हणूनच तो हातातून पडला तर पोचा न येता सरळ दुभंगतो.

एवढ्याशा कार्बनने एवढी उलथापालथ होते याचे कारण लोखंडाच्या अणूंची मांडणी. थंड लोखंडात अणू अशा रीतीने रचलेले असतात की त्यांच्या फटीत कार्बनला जवळजवळ जागाच नसते. किलोभर लोखंडात फार तर पाव ग्रॅमभर मावेल. सुईच्या जातीचे पोलाद ७२७ अंशांच्या वर तापले, की अणू आपली मांडणी बदलतात आणि आठच्या आठ ग्रॅम कार्बन आत सामावतो. दिवाळीला घर मोठे व्हावे आणि सगळे पाहुणे मावावेत, तसेच.

आता निववण्याची वेळ येते. घर पुन्हा आकसू लागते आणि पाहुण्यांना बाहेर पडायला हवे. सवड दिली तर ते शिस्तीत निघतात : लोह आणि कार्बन यांच्या संयुगाचा एक कठीण पापुद्रा, मग मऊ लोखंडाचा एक, पुन्हा कठीण, पुन्हा मऊ. सूक्ष्मदर्शकाखाली हे पोलाद थेट चिरोट्याच्या कापासारखे दिसते. त्या थरांची चमक शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी, म्हणून शास्त्रज्ञांनी त्याला मोत्यावरून 'पर्लाइट' नाव दिले. या पोलादात कणखरपणा आणि नरमाई दोन्ही असतात. ते वाकते आणि त्यावर छिन्नी चालते.

पण तेच पोलाद एकदम पाण्यात घातले तर पाहुण्यांना उंबरठा ओलांडायलाही वेळ मिळत नाही. कार्बन आत कोंडला जातो, घराच्या भिंती तिरप्या होतात, सगळा सांगाडा ताणलेला राहतो. या ताठलेल्या रचनेला आडोल्फ मार्टेन्स या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून 'मार्टेन्साइट' म्हणतात. तिची कठीणता काचेवर चरा पाडण्याइतकी, आणि ठिसूळपणाही काचेचाच.

सावकाश निववण्याच्या क्रियेला पाठ्यपुस्तकात 'अनुशीतन' असा भारदस्त शब्द आहे. कारखान्यात सगळे 'अॅनिलिंग' म्हणतात. लोहार ते राखेच्या ढिगात करतो. लाल पाते राखेत पुरून ठेवले की सकाळपर्यंत ते मऊ होते. कारखान्यात भट्टी बंद करून माल आतच रात्रभर निवू देतात. पुण्याचे तांबट भांडे ठोकता ठोकता मध्येच ते तापवून घेतात, तेही याच जातीचे काम. ठोकून ताठरलेला धातू तापवल्यावर पुन्हा हातोड्याखाली नमू लागतो. ज्या पोलादावर पुढे लेथ चालायची, भोके पाडायची, आटे कापायचे, त्याला आधी असे नरम करून घेतात आणि काम संपल्यावर मग पाणी देतात. पोराला आधी समजावून घ्यावे आणि मग शिस्त लावावी, असा हा क्रम आहे.

निजामाच्या मुलखातले पोलाद

हे सारे उमगायला युरोपलाही पुष्कळ वेळ लागला, आणि त्यात आपल्या दख्खनचा हात आहे. १७९४ साली मुंबईच्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी इथल्या पोलादाचे नमुने लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. 'वुट्झ' या नावाने त्याची कीर्ती झाली. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध वाचला. पुढे मायकेल फॅरडे, ज्याला आपण विजेमुळे ओळखतो आणि जो मुळात लोहाराचा मुलगा होता, त्यानेही ऐन उमेदीची काही वर्षे या पोलादाच्या मागे घालवली.

या पोलादाचे एक नामांकित केंद्र होते कोनसमुद्रम्, आता तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यात. १९५६ पर्यंत ते आणि आपला औरंगाबाद जिल्हा एकाच हैदराबाद राज्यात होते. बंद मुशीत तापवून आणि सावकाश निववून केलेल्या तिथल्या वड्या इराणपर्यंत जात. त्यांत किलोमागे पंधरा ग्रॅमच्या आसपास कार्बन. युरोपच्या लोहारांनी आपल्या सवयीप्रमाणे ते पांढरेशुभ्र तापवले की घणाखाली त्याचा भुगा होई. इकडच्या कारागिराला ठाऊक होते की हे पोलाद मंद लाल आचेवरच ठोकायचे. हाती उष्णतामापक नव्हता. होती ती नजर. आपल्या घरी पाक एकतारी झाला की दोनतारी, हे आई बोटांनी सांगते, तशातलाच हा प्रकार. लोहार भट्टी सावलीत मांडतो, तेही याचसाठी. उन्हात लोखंडाचा लाल रंग फसवतो.

तीन सुयांचा प्रयोग

सुटीत घरातल्या मोठ्यांनी मुलांना एक प्रयोग दाखवावा. मुलांनी तो एकट्याने करू नये, आणि पाहणाऱ्यांनीही चष्मा लावावा. गोधडी शिवायच्या तीन जाड सुया घ्या, स्टेनलेस नकोत.

पहिली सुई सांडशीत धरून गॅसच्या ज्योतीत डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल करा आणि ज्योतीतून अगदी हळूहळू वर काढा. निवल्यावर ती तारेसारखी वाकेल आणि वाकलेलीच राहील. हे अनुशीतन.

दुसरी तशीच लाल करून झटक्यात वाटीभर पाण्यात बुडवा. आता ती जाड फडक्यात गुंडाळून वाकवून पाहा, कट्कन मोडेल. फडके विसरू नका, कारण तुकडा डोळ्याकडे उडू शकतो. हे पाणी.

तिसरीला दुसरीसारखेच पाणी द्या, मग हलक्या हाताने पॉलिशकागदाने घासून चकचकीत करा. लोखंडी तव्यावर वाळूचा थर पसरून त्यावर ती ठेवा आणि मंद आच द्या. तवा नॉनस्टिक नसावा. थोड्या वेळाने सुईवर रंग चढू लागतील : आधी गव्हाच्या काडीसारखा फिका पिवळा, मग सोनेरी, मग तपकिरी, जांभळा, आणि शेवटी मोरपिशी निळा. निळा दिसताच ती उचलून थंड करा. ही सुई वाकवली तर वाकेल, आणि सोडली की टणकन सरळ होईल. ही दुसरी आच. पाठ्यपुस्तके तिला 'पायन' म्हणतात, काका 'टेम्परिंग' म्हणतात.

हे रंग म्हणजे लोखंडावर चढणारा अतिपातळ गंज. त्याचा थर जाड होत जातो तसा रंग पालटतो, आणि म्हणून तो उष्णतामापकाचे काम करतो. फिका पिवळा म्हणजे सुमारे २२० अंश, तपकिरी म्हणजे २५५च्या आसपास, निळा म्हणजे ३००च्या जवळ. एवढ्या उबेने कोंडलेल्या कार्बनला थोडी हालचाल करता येते, ताण उतरतो. कठीणपणा थोडा गमवावा लागतो, आणि त्याच्या बदल्यात लवचिकपणा मिळतो. वस्तरा पिवळ्यावर थांबवायचा, छिन्नी जांभळ्याच्या आसपास, कमान निळ्यावर. कोणत्या वस्तूने किती सोडायचे आणि किती मिळवायचे, हे तिच्या कामावरून ठरते.

एक कोयता

सुईपुरते हे नवल आहे. कोयत्यापुरते ते पोट आहे. दसरा उलटला की बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतली हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राची आणि कर्नाटकची वाट धरतात. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा पुष्कळांच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर हलले असतील. त्यांच्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. उचल मिळते ती कोयत्यामागे. माणसांची गणतीच जिथे हत्याराने होते, तिथे त्या हत्याराचे पाणी हा गमतीचा विषय राहत नाही.

मोळीला पैसे टनावर. कोयता नरम राहिला तर धार तासाभरात बसते, एका घावाच्या जागी दोन घालावे लागतात आणि संध्याकाळी मनगट सुजते. कोयता फाजील कडक झाला तर बुडख्याशी दगडावर लागताच दाते पडतात, एखादी कपची उडून डोळ्यात जाते. गावातला लोहार किंवा पालावरचा घिसाडी मोटारीच्या जुन्या कमानपाट्यातून कोयता घडवतो आणि या दोन संकटांमधली अरुंद वाट काढतो.

छिन्नीला पाणी देताना त्याची हातोटी पाहण्यासारखी असते. अर्धी छिन्नी लाल करतो आणि फक्त टोक पाण्यात बुडवतो. टोक कडक होते, मागचा भाग तापलेलाच असतो. मग बाहेर काढून टोक चटकन दगडावर घासून उजळ करतो आणि टक लावून पाहतो. मागची उरलेली ऊब हळूहळू पुढे सरकते, पिवळा, तपकिरी, जांभळा असे रंग टोकाकडे चालत येतात. हवा तो रंग धारेपाशी पोचला की सगळी छिन्नी पाण्यात. पुन्हा भट्टी पेटवायला नको, दुसरा कोळसा नको. पहिल्या आचेतून उरलेल्या उबेवरच दुसरी आच भागते.

जालन्याची सळई

लोहाराची ही युक्ती आपल्या पायाखाली आणि डोक्यावर आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. संभाजीनगरहून साठेक किलोमीटरवरचे जालना बियाण्यांसाठी प्रसिद्ध आहे, तसेच ते बांधकामाच्या सळईसाठीही. तिथल्या गिरण्यांतून निघणारी सळई 'टी.एम.टी.' म्हणून विकली जाते. ही पद्धत १९७०च्या दशकात बेल्जियममध्ये निघाली.

रोलरमधून सळई बाहेर येते तेव्हा ती हजार अंशांच्या जवळपास तापलेली असते. क्षणार्धात ती पाण्याच्या जोरदार फवाऱ्यातून जाते. वरची साल कडक होते, गाभा मात्र लालच असतो. फवाऱ्यातून बाहेर पडताच गाभ्यातली ऊब सालीकडे येते आणि सहाशे अंशांच्या आसपास तिला दुसरी आच देते. मागाहून गाभा हवेत सावकाश निवतो आणि चिवट राहतो. साल कणखर आणि आत माया, अशी ही सळई. प्रयोगशाळेत तिचा काप घासून सौम्य आम्लात धरला की कडेचे काळसर कडे स्पष्ट दिसते. छिन्नीची हातोटी आणि या गिरणीची करामत यांत तत्त्वाचा काडीमात्र फरक नाही.

तिच्यावर 'एफई ५००' असा शिक्का असतो, त्याचा अर्थ दर चौरस मिलिमीटरला ५०० न्यूटन ताण पडेपर्यंत ती कायमची ताणली जाणार नाही. हिशेब केला तर १२ मिलिमीटरच्या एका सळईवर पावणेसहा टन भार लटकवावा, तेव्हा कुठे ती हार मानू लागेल. 'एफई ५०० डी' या जातीत ताकद तीच, पण तुटण्याआधी ती अधिक ताणली जाते. भारतीय मानकाप्रमाणे साध्या ५००ला किमान १२ टक्के लांबण्याची अट आहे, 'डी'ला १६ टक्के.

ताणले जाणे हा गुण कसा, असे कोणी विचारील. ३० सप्टेंबर १९९३ची किल्लारीची पहाट मराठवाडा विसरलेला नाही. तिथली जाड दगडमातीची घरे झोपलेल्या हजारो माणसांवर कोसळली. जमीन हलते तेव्हा भिंतीला, खांबाला, तुळईला लवण्याची सोय हवी. वाकलेला खांब आतल्या माणसाला बाहेर पळायला अवधी देतो. कट्कन तुटलेला देत नाही. म्हणून घराच्या पोटातले पोलाद कितीही बळकट असले तरी तिसऱ्या सुईच्या जातीचे हवे, दुसऱ्या सुईच्या नव्हे.

घर बांधणाऱ्या वाचकांनी म्हणून दोन गोष्टी पाहाव्यात. सळई घेताना तिच्यावरचा मानकाचा शिक्का आणि जात स्वतः वाचावी. शक्य असेल तर 'डी' मागावी. आणि साइटवर कोणी सळई वाकवण्यासाठी गॅसच्या ज्योतीने तापवत असेल तर त्याला तिथेच थांबवावे. गिरणीने मोजून दिलेली दुसरी आच त्या तिसऱ्या, बेहिशेबी आचेने वाया जाते. सळई थंडच वाकवायची, आणि एकदा वाकवली की सरळ करून पुन्हा वाकवायची नाही.

हाच नियम स्वयंपाकघरातही लागू आहे. दारावर धारवाला येतो, कोरड्या चाकावर विळीचे पाते दाबून धरतो, ठिणग्यांची फुलबाजी उडते आणि मुले खूश होतात. पण त्या घर्षणाने धारेची कड पाचशे अंशांवरही जाऊ शकते. धारेवर निळा डाग दिसला की समजावे, तेवढ्या जागेचे पाणी उतरले. ती जागा आठ दिवसांत बोथट होणार, आणि दोष मात्र विळीच्या नशिबी येणार. खंडेनवमीला विळीला फूल वाहून झाले असेलच. आता एकदा तिची धार उजेडात नीट पाहून घ्या. आणि पुढच्या वेळी धारवाला आला की चहाच्या कपाबरोबर पाण्याचे एक भांडेही त्याच्यापुढे ठेवा, आणि मध्ये मध्ये पाते त्यात बुडवायला सांगा. तो ओळखेल, की या घरात पोलादाची कदर आहे.